गुळगुळीत नळीची गोष्ट

मागच्या पावसाळ्यात जोगेश्वरीतल्या एका ओळखीच्या तरुणाने मोबाइलवर पाच-सहा फोटो पाठवले. रत्नागिरी जिल्ह्यातलं त्यांचं जुनं घर पाडायला काढलं होतं. माळ्यावरचं सामान उतरवताना गोणपाटात गुंडाळलेली एक ठासणीची बंदूक निघाली. दस्ता वाळवीने थोडा खाल्लेला, घोडा गंजून जागीच बसलेला. पणजोबांचे वडील मुंबईच्या पलटणीत शिपाई होते, बंदूक त्यांची, असं घरात सांगितलं जातं.

फोटोंपाठोपाठ त्याचा फोन आला. "सर, नळी आतून पार झिजलीय. बोट घातलं तर गुळगुळीत लागतं. साकीनाक्याला ओळखीचा लेथवाला आहे. तो म्हणतो, आतून नवी नळी बसवून देतो, एकदम कडक होईल. आणू का मुंबईला? हॉलमध्ये लावायचीय."

मी म्हटलं, "बाबा रे, ती मुंबईला आणू नकोस आणि कुठल्या लेथवरही चढवू नकोस. आधी मला दोन गोष्टी सांग."

पहिली गोष्ट, नळीच्या तोंडाची रुंदी. त्याने गावातल्या चुलतभावाला पट्टी लावायला सांगितली, ती साडेसोळा-सतरा मिलिमीटर भरली. दुसरी गोष्ट, नेम धरायची मागची पट्टी. ती वर-खाली होत नव्हती, नळीवर एक साधा ठोकळा बसवलेला होता. घोड्याजवळच्या पत्र्यावर मुकुट, 'व्ही. आर.' ही राणी व्हिक्टोरियाची अक्षरं आणि 'टॉवर' हा शब्द फोटोतच दिसत होता. या खुणा एकत्र पाहिल्या आणि माझी खात्री होत गेली की ही नळी झिजलेली नव्हतीच. ती गुळगुळीतच बनवलेली होती, आणि कारण होतं १८५७.

हे समजण्यासाठी आधी रायफल म्हणजे काय ते पाहावं लागेल. साध्या बंदुकीची नळी आतून सपाट असते. गोळी तिच्यात आदळत-आपटत पुढे जाते आणि बाहेर पडल्यावर कुठेही भरकटते. शंभर यार्डांपलीकडे अशा बंदुकीचा नेम म्हणजे नशिबाचा खेळ. रायफलच्या नळीत मळसूत्री खाचा कोरलेल्या असतात. त्या खाचांमुळे गोळी स्वतःभोवती फिरत जाते, म्हणून सरळ जाते. ब्रिटिशांनी १८५३ मध्ये स्वीकारलेल्या एनफिल्ड रायफलच्या नळीचा व्यास ०.५७७ इंच होता, म्हणजे साधारण १४.७ मिलिमीटर. आत तीन खाचा. तिच्या मागच्या पट्टीवर शेकडो यार्डांपर्यंतच्या खुणा होत्या.

हीच ती रायफल, जिच्या काडतुसांना गाय आणि डुकराची चरबी लावल्याची बातमी १८५७ च्या जानेवारीत कलकत्त्याजवळच्या दमदममधून पसरली. २९ मार्चला बराकपूरला मंगल पांडे उभे राहिले, १० मेला मेरठ पेटलं. एक गोष्ट मात्र आपल्या शाळेच्या पुस्तकांतून निसटते. बंड केलेल्या बहुतेक शिपायांच्या हातात ही नवी रायफल नव्हती. त्यांच्याकडे जुन्या, गुळगुळीत नळीच्या बंदुका होत्या. एनफिल्ड होती ती त्यांच्यासमोर उभ्या असलेल्या अनेक गोऱ्या पलटणींकडे. शिपाई टप्प्यात येण्याआधीच पलीकडून गोळ्या येत होत्या. त्या लढायांच्या निकालात या फरकाचा वाटा मोठा आहे.

मुंबई इलाखाही शांत नव्हता. ३१ जुलैला कोल्हापुरात २७ व्या पलटणीने बंड केलं. खुद्द मुंबईत दिवाळीच्या सुमारास उठावाचा बेत असल्याचा सुगावा पोलीसप्रमुख चार्ल्स फोर्जेट यांना लागला. १५ ऑक्टोबर १८५७ रोजी सय्यद हुसेन आणि मंगल गाडिया या दोन शिपायांना एस्प्लनेडच्या मैदानावर, म्हणजे आजच्या आझाद मैदानाच्या परिसरात, तोफेच्या तोंडी दिलं. एक मुसलमान, एक हिंदू. रोज लाखो लोक लोकलमधून उतरून त्या मैदानाशेजारून जातात.

बंड मोडल्यावर इंग्रजांनी हिशेब मांडला. हिंदी शिपायांशिवाय राज्य चालणार नव्हतं आणि त्यांच्यावर भरवसाही राहिला नव्हता. पील आयोगाने गोऱ्या सैनिकांचं प्रमाण वाढवायला सांगितलं. तोफखाना गोऱ्यांच्या हाती गेला. बंदुकीचं काय करायचं, यावर निघालेला तोडगा फारसा कुणाला ठाऊक नाही. शिपायाला एनफिल्डच द्यायची, पण आतून खाचा काढून टाकलेली. १८५८ चा नमुना असाच बनला. एनफिल्डची नळी आतून कोरून ०.६५६ इंचांची केली, खाचा गेल्या. पण त्यामुळे नळीच्या भिंती पातळ झाल्या, त्या फुगू लागल्या. म्हणून १८५९ चा नमुना काढला. त्यात नळी मुळातच जाड घेतली आणि आतून गुळगुळीत ठेवली. वर-खाली होणारी पट्टी काढून साधा ठोकळा बसवला. दुरून नेम लागणारच नव्हता, मग पट्टी कशाला?

०.६५६ इंच म्हणजे साधारण १६.७ मिलिमीटर. चुलतभावाची पट्टी तेवढंच सांगत होती.

बाहेरून पाहिलं तर ही बंदूक एनफिल्डसारखीच दिसते. लाकूड तेच, पत्रा तोच, मुकुट तोच. फरक आतल्या अंधारात आहे. शिपायाला गणवेश दिला, पगार दिला, पदक दिलं, पण गोऱ्या सैनिकाच्या बरोबरीचा नेम दिला नाही. हे धोरण पुढेही चाललं. गोऱ्या पलटणींना नवं हत्यार मिळालं की त्यांचं जुनं हिंदी पलटणींकडे यायचं. मार्टिनी-हेन्री आली तेव्हा हिंदी शिपायाच्या वाट्याला स्नायडर आली. पुढे ली-मेटफर्ड आली, तेव्हा मार्टिनी.

याचा अर्थ नळ्या खरोखर झिजत नाहीत, असा नाही. ठासणीच्या बंदुकीत काळी दारू जळाली की मागे क्षार उरतात. ते हवेतला ओलावा ओढतात आणि लोखंडाला खड्डे पडतात. कोकणातल्या पावसात तर विचारूच नका. गज सारखा आत-बाहेर करून तोंडाकडचा भागही घासतो. ली-मेटफर्ड रायफलमधल्या खाचा उथळ होत्या. कॉर्डाइट ही नवी, जास्त उष्णतेची दारू वापरात आली तशा त्या भराभर झिजू लागल्या. म्हणून १८९५ मध्ये खोल, कडेदार पाच खाचांची नळी बसवली गेली. तीच ली-एनफिल्ड, आपली 'थ्री नॉट थ्री'.

झिजलेल्या नळीवर उपायही जुने आहेत. अमेरिकेतले खेड्यापाड्यांतले कारागीर खाचा हाताने पुन्हा खोल करत आणि मग थोडी मोठी गोळी वापरत. बर्मिंगहॅमच्या पार्कर-हेल कंपनीने जुनी नळी कोरून आत खाचा असलेली पातळ नळी बसवण्याचं तंत्र नावारूपाला आणलं. साकीनाक्याचा लेथवाला म्हणत होता ते साधारण हेच.

आपल्याकडे मात्र उलटा प्रवास पुन्हा झाला. पहिल्या महायुद्धानंतर बंगालमधल्या ईशापूरच्या कारखान्यात .३०३ रायफलींच्या नळ्या आतून कोरून गुळगुळीत .४१० मस्केट बनवल्या गेल्या. मॅगझिनच्या जागी लाकडी ठोकळा घातला, म्हणजे एका वेळी एकच काडतूस. या बंदुका पोलीस आणि तुरुंगाच्या पहारेकऱ्यांसाठी होत्या. जमावाच्या हाती पडल्या, तरी लष्कराचं काडतूस त्यात चालू नये, हा हेतू. स्वातंत्र्यानंतरही अनेक राज्यांच्या पोलिसांनी या मस्केट वापरल्या. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री सीएसटीवरच्या काही जवानांच्या हाती थ्री नॉट थ्रीच होती. समोर एके-४७ होत्या. रेल्वे सुरक्षा दलाचे जिल्लू यादव यांनी त्या रात्री सहकाऱ्याची रायफल घेऊन गोळी झाडली आणि नंतर जवळची खुर्चीही भिरकावली. शिपायाच्या हातात काय द्यायचं, हे ठरवणारे त्या रात्रीही दुसरीकडेच होते.

हत्यारं दुरुस्त करणाऱ्यांचं काय झालं? आपल्याकडे, विशेषतः सांगली, सातारा, कोल्हापूर भागात शिकलगार नावाचा मुसलमान समाज आहे. अरबीत 'सैकल' म्हणजे धातूला दिलेली झळाळी, त्यावरून सैकलगार, शिकलगार. तलवारीला पाणी देणं, धार लावणं, पातं उजळणं हा त्यांचा हुन्नर. लॉर्ड लिटनच्या काळात १८७८ चा शस्त्र कायदा आला. हिंदी माणसाला परवान्याशिवाय हत्यार बाळगायला बंदी झाली, युरोपियनांना सूट मिळाली. गिऱ्हाइकाकडे तलवारच नाही तर धार कशाला लावणार? तो हुन्नर विळे, सुऱ्या आणि कात्र्यांवर आला. आज तो आडनावात उरला आहे.

आता त्या तरुणाच्या प्रश्नाकडे येतो. १९५९ च्या शस्त्र कायद्याचं कलम ४५ जुन्या, ऐतिहासिक मोलाच्या हत्यारांना सूट देतं, पण एका अटीवर: ते हत्यार दुरुस्ती करून किंवा न करता, कसंही, बंदूक म्हणून वापरता येण्याजोगं नसावं. लेथवाला त्यात नवी नळी बसवतो, त्या क्षणी ही सूट संपते. माळ्यावरची वस्तू विनापरवाना बंदूक होते. कलम ५ प्रमाणे परवान्याशिवाय बंदूक दुरुस्त करणं हाच गुन्हा आहे आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याची शिक्षा किमान सात वर्षं, जास्तीत जास्त जन्मठेप. तो बिचारा लेथवालाही आत जाईल.

मी त्याला आणखी एक गोष्ट सांगितली, जी सांगताना मला बरं वाटलं नाही. मुंबईत आपल्यासारख्या नावाच्या माणसाच्या घरात दुरुस्त केलेली बंदूक सापडली, तर ती पणजोबांच्या वडिलांची होती हे ऐकायला कुणी थांबणार नाही. तो काही बोलला नाही. त्याला ते माझ्याआधी ठाऊक होतं.

मग रस्ता काय? सरळ आहे. बंदुकीला हात लावायचा नाही, कारण जुन्या ठासणीच्या बंदुका कित्येकदा भरलेल्या सापडतात. दारू दीडशे वर्षांनीही पेटू शकते. जवळच्या पोलीस ठाण्यात लेखी कळवायचं. कलम २१ प्रमाणे हत्यार तिथे जमा करता येतं. ते वापरण्याजोगं आहे का, हे तज्ज्ञ ठरवतात. आपल्या कलिन्यात राज्याची न्यायसहायक प्रयोगशाळा आहे, तिथे हेच काम चालतं. कागद हातात आल्यावर जतनाचा विचार. जतन म्हणजे नवंकोरं करणं नव्हे. गंज वाढू नये एवढं करायचं, लाकडाची वाळवी थांबवायची आणि जे केलं ते उद्या कुणाला परत काढता येईल असं करायचं. लेथवर गेलेलं लोखंड परत येत नाही.

त्या तरुणाच्या वडिलांनी गावच्या ठाण्यात अर्ज दिला, पंचनामा झाला, बंदूक जमा झाली. ती परत मिळेल तेव्हा मिळेल. परवा तो भेटला तेव्हा म्हणाला, "सर, मी तिला खराब समजत होतो." मी म्हटलं, "तुझ्या पणजोबांचे वडीलही तसंच समजले असतील. नेम चुकला की शिपाई आपल्या हाताला दोष देतो."

तो घरी गेला आणि रात्री त्याने चुलतभावाने काढलेला एक फोटो पाठवला. नळीच्या तोंडातून आत पाडलेल्या टॉर्चच्या उजेडाचा. आत एकही खाच नव्हती.