धातू, जीवनसत्त्व आणि कर्करोग

विषाचेही औषध होते ते मात्रेमुळे, असे आपले वैद्य सांगत आले. कर्करोगाच्या बाबतीत मात्र औषध किती द्यावे याइतकाच ते कोठे पोचावे हा प्रश्न बिकट आहे. या प्रश्नाशी निगडित असलेल्या दोन शोधकथा आज श्रोत्यांपुढे ठेवावयाच्या आहेत. एक आहे धातूची आणि दुसरी जीवनसत्त्वाची.

१८४४ साली पेरोने या इटालियन रसायनज्ञाने प्लॅटिनमचा एक पिवळा क्षार तयार केला. १८९३ मध्ये आल्फ्रेड वेर्नर यांनी त्याची अंतर्रचना उलगडली. पुढे सत्तर वर्षे तो ग्रंथांतच राहिला. मग अमेरिकेतील मिशिगन राज्य विद्यापीठात बार्नेट रोझेनबर्ग विद्युत्क्षेत्राचा जिवाणूंवरील परिणाम तपासू लागले. जिवाणूंचे विभाजन थांबले आणि ते नेहमीच्या तीनशेपट लांब वाढले. १९६५ साली त्यांनी जाहीर केले, की हा प्रताप विजेचा नसून विद्युदग्रांतून द्रावणात उतरलेल्या प्लॅटिनमचा आहे. पेरोनेचा तो क्षारच ‘सिसप्लॅटिन’ या नावाने १९७८ मध्ये अमेरिकेत मान्यताप्राप्त औषध झाला. पेशीतील आनुवंशिक द्रव्याला तो असा जखडतो, की तिला विभागताच येत नाही. वृषणाच्या कर्करोगाचे असंख्य तरुण रुग्ण त्याने वाचविले. परंतु त्याला आपपर भाव नाही. मूत्रपिंडे आणि श्रवणशक्ती यांनाही त्याची झळ पोचते.

दुसरी कथा मुंबईत सुरू होते. १९२८ साली लूसी विल्स या इंग्रज डॉक्टर येथे आल्या. गिरणीत राबणाऱ्या गर्भवती स्त्रियांचा पंडुरोग यीस्टच्या अर्काने बरा होतो, असे त्यांना आढळले. त्या अर्कातील गुणकारी द्रव्य म्हणजे फोलेट हे जीवनसत्त्व होय. पुढे बोस्टन येथे सिडनी फार्बर यांना दिसले, की रक्ताच्या कर्करोगात हेच जीवनसत्त्व रोगाला बळ देते. तेव्हा त्यांनी येल्लाप्रगड सुब्बाराव यांच्या सहकाऱ्यांनी बनविलेले फोलेट-विरोधी द्रव्य मुलांना दिले. १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या वृत्तान्तात सोळांपैकी दहा मुलांना उतार पडल्याची नोंद आहे. तो उतार तात्पुरता होता, तरी नवी वाट त्याने दाखविली.

झपाट्याने विभागणाऱ्या पेशीला जीवनसत्त्वांची भूक अधिक असते. कित्येक कर्कपेशींच्या पृष्ठभागावर फोलेट आत ओढून घेणारी द्वारे मोठ्या संख्येने असतात. मग त्या द्वाराने प्लॅटिनमच आत धाडले तर? रसायनज्ञांनी फोलेटला प्लॅटिनम जोडून पाहिले. वेर्नर ज्या झुरिक विद्यापीठात शिकवीत, तेथेच या शतकाच्या पहिल्या दशकात बी-१२ या जीवनसत्त्वालाही ते जोडण्यात आले. बी-१२ च्या गाभ्यात मुळातच कोबाल्ट हा धातू असतो. पेशीच्या आत या कोबाल्टचे क्षपण होताच प्लॅटिनम मोकळे व्हावे, अशी ही योजना आहे.

योजना सुंदर आहे, पण सिद्धी दूर आहे. निरोगी पेशींनाही जीवनसत्त्व लागते. मूत्रपिंडांत तर फोलेटची द्वारे पुष्कळ असतात. शिवाय पाठीवर ओझे घेतलेल्या जीवनसत्त्वाला द्वार ओळखेलच, असा भरवसा नाही. म्हणून ही जोड-द्रव्ये रुग्णालयातील नित्याचे औषध झालेली नाहीत. जीवनसत्त्वाच्या गोळ्या घेतल्याने कर्करोग हटेल असा अर्थ तर यातून कोणीही काढू नये; फार्बर यांचा अनुभव नेमका उलट होता. पोषण करणारे द्रव्य शत्रूलाही पोसते, हे ज्ञान मिळाले म्हणूनच त्याच्या दारापर्यंतचा मार्ग शोधणे शक्य झाले.