जेराल्ड सेमूर : टीव्हीचा बातमीदार, कादंबऱ्यांचा लेखक

या मालिकेत आपण बहुतेक वेळा लढाया, सेनापती आणि त्यांचे निर्णय यांवर बोलतो. आजचा विषय थोडा वेगळा आहे. आजचा माणूस सैनिक नाही, त्याने कधी पलटणीची कमान सांभाळली नाही. पण विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या छोट्या, घाणेरड्या, नाव नसलेल्या युद्धांबद्दल त्याने जे लिहिलं, ते वर्दीतल्या माणसांनीही वाचण्यासारखं आहे. त्याचं नाव जेराल्ड सेमूर. पंधरा वर्षं ब्रिटिश टेलिव्हिजनचा बातमीदार आणि त्यानंतर आजवर कादंबरीकार.

आधी माणूस समजून घेऊ. जन्म 1941 चा, इंग्लंडमधल्या सरे परगण्यात, गिल्डफर्डला. वडील विल्यम कीन सेमूर हे कवी, आई रोझलिंड वेड कादंबरीकार. म्हणजे शाई घरातच होती. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातून आधुनिक इतिहासाची पदवी घेतली आणि 1963 मध्ये हा मुलगा आयटीएनमध्ये लागला. आयटीएन म्हणजे बीबीसीच्या स्पर्धेत उभ्या राहिलेल्या खासगी वाहिन्यांना बातम्या पुरवणारी संस्था. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ग्लासगोहून लंडनला निघालेली टपालगाडी अडवून चोरांनी सुमारे 26 लाख पौंड पळवले. 'ग्रेट ट्रेन रॉबरी' म्हणून गाजलेला तो दरोडा सेमूरच्या पहिल्या कामांपैकी एक.

पुढची यादी ऐका : बोर्निओ, एडन, व्हिएतनाम, इस्रायल, उत्तर आयर्लंड. ब्रिटिश साम्राज्य आवरतं घेतलं जात होतं आणि जिथे जिथे ते जाताना कुरकुरत होतं, तिथे हा तरुण कॅमेरामन घेऊन उभा होता. एडनचं उदाहरण घ्या. जून 1967 मध्ये तिथे स्थानिक पोलीस आणि सैनिकांनी उठाव केला, क्रेटर नावाची वस्ती हातातून गेली आणि नोव्हेंबर संपता संपता ब्रिटिशांनी एडन सोडलं. अरुंद गल्ल्या, कोण शत्रू आणि कोण दुकानदार हे ओळखता न येणं, आणि वरून रोज बदलणारे हुकूम. आपल्यापैकी ज्यांनी अशांत भागात नोकरी केली आहे, त्यांना हे चित्र वेगळं समजावून सांगायला नको.

सप्टेंबर 1972 मध्ये म्युनिकचं ऑलिंपिक होतं. पॅलेस्टिनी 'ब्लॅक सप्टेंबर' गटाच्या आठ जणांनी इस्रायली खेळाडू आणि प्रशिक्षकांना ओलीस धरलं. शेवटी अकरा इस्रायली, एक जर्मन पोलीस आणि पाच हल्लेखोर मेले. सेमूर तिथे आयटीएनसाठी वार्तांकन करत होता. पुढे 1999 मध्ये या घटनेवर 'वन डे इन सप्टेंबर' हा माहितीपट निघाला, त्यातही तो आठवणी सांगताना दिसतो. जगभर थेट प्रक्षेपण होत असताना घडलेलं ते पहिलं मोठं ओलीसनाट्य. दहशतवादी आणि टीव्ही कॅमेरा यांचं जे नातं आपण आज गृहीत धरतो, ते त्या दिवशी सगळ्यांना दिसलं.

आता एक तांत्रिक गोष्ट सांगतो, कारण ती कळल्याशिवाय पुढचा मुद्दा कळणार नाही. त्या काळात बातमी सोळा मिलिमीटरच्या फिल्मवर चित्रित व्हायची. ती फिल्म प्रयोगशाळेत धुवायची, कापायची, जोडायची आणि रात्रीच्या बातमीपत्राच्या आत पोचवायची. परदेशातून असेल तर डबा विमानाने पाठवायचा. आयटीएनचं 'न्यूज ॲट टेन' 1967 मध्ये सुरू झालं, अर्ध्या तासाचं. त्यात एका बातमीच्या वाट्याला दोन-तीन मिनिटं. जळणारी बस, धावणारे जवान, रडणारी आई, आणि शेवटी माईक धरून उभा असलेला बातमीदार. बस. ज्याने बस पेटवली तो रात्री घरी जाऊन बायकोशी काय बोलला, ज्या अधिकाऱ्याने हुकूम दिला त्याला तो हुकूम कुणी दिला, हे दोन मिनिटांत मावत नाही. आणि जे पुराव्यानिशी सांगता येत नाही, ते बातमीत सांगायचंही नसतं. ती बातमीदाराची शिस्तच आहे.

या न मावलेल्या गोष्टींचं काय करायचं? सेमूरचं उत्तर 1975 मध्ये आलं. 'हॅरीज गेम' ही त्याची पहिली कादंबरी, आणि तिची भूमी होती बेलफास्ट.

थोडी पार्श्वभूमी देतो. ऑगस्ट 1969 मध्ये उत्तर आयर्लंडच्या रस्त्यांवर ब्रिटिश सैन्य उतरलं. सुरुवातीला कॅथलिक वस्त्यांतल्या बायकांनी जवानांना चहा दिला. दोन वर्षांत, ऑगस्ट 1971 मध्ये, खटल्याशिवाय स्थानबद्धता सुरू झाली. 30 जानेवारी 1972 ला डेरी शहरात पॅराशूट रेजिमेंटच्या गोळीबारात तेरा नि:शस्त्र माणसं मेली, चौदावा नंतर गेला. त्या चहाची जागा दगडांनी आणि बंदुकीच्या गोळ्यांनी घेतली. एकट्या 1972 मध्ये सुमारे 480 माणसं मेली. ती मोहीम कागदोपत्री संपायला 2007 साल उजाडलं. अडतीस वर्षं! एकूण बळी साडेतीन हजारांवर. आपल्या देशातल्या बंडखोरीविरोधी मोहिमांवर बोलताना 'इतकी वर्षं का लागतात' असं जे विचारतात, त्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा. हा प्रदेश आपल्या नागपूर आणि अमरावती जिल्ह्यांना एकत्र केलं तर त्याहूनही लहान आहे.

आता कादंबरी. शेवटही सांगणार आहे, पन्नास वर्षं झाली आहेत तिला. लंडनमध्ये एका ब्रिटिश मंत्र्याला त्याच्या घरासमोर, बायकामुलांच्या देखत आयआरएचा एक माणूस गोळ्या घालतो आणि बेलफास्टला आपल्या घरी परततो. त्याचं नाव बिली डाउन्स. पंतप्रधानांना तातडीने काहीतरी करून दाखवायचं असतं. मग नेहमीच्या साखळीला वळसा घालून एक माणूस वेषांतर करून बेलफास्टमध्ये सोडला जातो : कॅप्टन हॅरी ब्राउन. मूळचा उत्तर आयर्लंडचाच, एडनमध्ये असंच छुपं काम केलेला. बेलफास्टमधल्या सैन्याच्या मुख्यालयालाही त्याची नीट कल्पना दिली जात नाही.

इथे माझ्यासारख्या माणसाचे कान टवकारतात. छुपं काम आम्हाला नवीन नाही. गुप्तता हवी, ज्याला गरज आहे त्यालाच माहिती हवी, हे सगळं मान्य. पण एकाच भूभागात दोन वेगळ्या साखळ्यांनी चालवलेली दोन माणसं एकमेकांना माहीत नसतील, तर ती एकमेकांवर गोळी झाडतील हे अकादमीतल्या कॅडेटलाही कळतं. सेमूरला हे कळलं होतं. कादंबरीच्या शेवटी हॅरी आपलं सावज टिपतो, आणि त्याच रस्त्यावर आलेल्या ब्रिटिश गस्तीतले जवान त्याला बंदूकवाला समजून गोळ्या घालतात. दोघेही मरतात. डाउन्सची बायको मागे उरते, हॅरीची बायको मागे उरते. पंतप्रधानांचा दिवस मात्र साजरा होतो.

आणखी एक धागा. हॅरीला एका तरुणीच्या बोलण्यातून सुगावा लागतो. त्यावरून दुसरीच एक मुलगी पकडली जाते, आणि ती कोठडीत गळफास घेते. तिने कुणाला मारलेलं नसतं. माहिती मिळाली, कारवाई झाली, अहवालात दोन ओळी लिहिल्या गेल्या. आणि एक पोर गेली. खबर काढण्याची किंमत कोण मोजतो, हा प्रश्न सेमूर भाषण न देता विचारतो. आमच्या प्रशिक्षणात 'लोकांचा विश्वास' हा शब्द शंभरदा येतो. तो तुटतो कसा, हे मला त्या दोन-चार पानांत जितकं स्पष्ट दिसलं, तितकं अनेक व्याख्यानांत दिसलं नाही.

हे सगळं काल्पनिक होतं का? 1972 मध्ये बेलफास्टमध्ये 'फोर स्क्वेअर लाँड्री' नावाची धुलाईची गाडी घरोघरी फिरायची. ती सैन्याची होती. आलेले कपडे तपासून त्यावर स्फोटकांचे अंश आहेत का ते पाहिलं जायचं. ऑक्टोबरमध्ये आयआरएने त्या गाडीवर गोळीबार करून चालक असलेल्या जवानाला मारलं. आणि कादंबरी आल्यावर दोन वर्षांनी, मे 1977 मध्ये, ग्रेनेडियर गार्ड्सचा कॅप्टन रॉबर्ट नैराक दक्षिण आर्मामधल्या एका दारूच्या गुत्त्यात एकटाच गेला, बेलफास्टचा माणूस असल्याचं भासवून मंचावर गायला, आणि तिथून पळवून नेऊन मारला गेला. त्याचा मृतदेह आजवर सापडलेला नाही. त्याला मरणोत्तर जॉर्ज क्रॉस मिळाला. धाडसाबद्दल शंकाच नाही. पण त्याला एकटं जाऊ कुणी दिलं, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला आणि अजूनही विचारला जातो.

मी याला भविष्यवाणी म्हणणार नाही. कथाकार ज्योतिषी नसतो. सेमूर त्या गल्ल्यांतून वर्षानुवर्षं फिरला होता आणि अशा कामाचा शेवट काय होतो, हे त्या कामाच्या रचनेतच लिहिलेलं असतं. त्याने ते वाचलं, इतकंच.

दुसरं उदाहरण अफगाणिस्तानचं. 'इन ऑनर बाउंड' ही कादंबरी 1984 ची. त्यात बार्नी क्रिस्पिन नावाचा ब्रिटिश कॅप्टन खांद्यावरून डागायची रेडआय क्षेपणास्त्रं घेऊन सोव्हिएत एमआय-24 हेलिकॉप्टर पाडायला अफगाणिस्तानात शिरतो. प्रत्यक्षात अमेरिकेची स्टिंगर क्षेपणास्त्रं मुजाहिदीनांच्या हातात पडून पहिली हेलिकॉप्टरं पडली ती सप्टेंबर 1986 मध्ये. मुजाहिदीनांचं खरं दुखणं ते हेलिकॉप्टर आहे, हे सीमेवर बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. सेमूरने वेगळं हे केलं, की ते हेलिकॉप्टर चालवणाऱ्या रशियन वैमानिकालाही माणूस म्हणून उभं केलं.

हाच त्याचा स्वभाव. 1978 च्या सुमारास त्याने टीव्ही सोडला आणि पूर्णवेळ लिहू लागला. आजवर पस्तीसहून अधिक कादंबऱ्या : इटलीतली अपहरणं, सिसिलीचा माफिया, इराण, बोस्नियातले भूसुरुंग, क्रोएशियातलं उद्ध्वस्त गाव. साचा बराचसा एकच. गुबगुबीत खुर्चीतला एक माणूस निर्णय घेतो आणि कुणीतरी साधा, जिद्दी, एकटा माणूस त्याची किंमत चुकवतो. सलग चार-पाच वाचल्या तर तो साचा जाणवतो, हेही सांगतो. पण साचा खोटा नाही.

1982 मध्ये यॉर्कशायर टेलिव्हिजनने 'हॅरीज गेम' तीन भागांत पडद्यावर आणली. तिचं शीर्षकगीत क्लॅनाड या आयरिश गटाने आयरिश भाषेत गायलं आणि ते ब्रिटनच्या गाण्यांच्या यादीत पाचव्या क्रमांकावर पोचलं. ज्या भाषेकडे लंडनने शतकानुशतकं दुर्लक्ष केलं, ती इंग्रजांच्या दिवाणखान्यात अशी शिरली. गंमत पुढे आहे. 1988 मध्ये ब्रिटिश सरकारने शिन फेन आणि सशस्त्र गटांच्या प्रतिनिधींचा आवाज प्रसारित करायला बंदी घातली. वाहिन्यांनी काय केलं? चेहरा त्यांचा दाखवला आणि शब्द नटांकडून वदवले! 1994 पर्यंत हे चाललं. म्हणजे बातमीत त्या बाजूचा आवाज ऐकायला नट लागत होता, आणि कादंबरीत तोच आवाज तेरा वर्षं आधी उघडपणे छापून आला होता.

यावर कुणी म्हणेल, मारेकऱ्याला घर, बायको, मुलं दाखवली की तो आपलासा वाटतो. हे धोक्याचं नाही का? रास्त शंका आहे. माझं उत्तर असं. डाउन्सने मंत्र्याला मारलं हे सेमूर एका क्षणासाठीही झाकत नाही. पण शत्रू राक्षस आहे असं समजून लढणारा अधिकारी चुकीचे अंदाज बांधतो. तो कुठे झोपतो, कुणाला घाबरतो, कुणासाठी घरी परततो, हे ज्याला कळतं त्याचेच जवान कमी मरतात. समजून घेणं म्हणजे माफ करणं नव्हे.

मराठी वाचकाला ही जातकुळी अनोळखी नाही. आपले अरुण साधू सेमूरच्याच वर्षी, 1941 मध्ये जन्मले. तेही बातमीदार. मंत्रालयाच्या वऱ्हांड्यांत जे दिसलं आणि वर्तमानपत्राच्या स्तंभात बसलं नाही, ते त्यांनी 'मुंबई दिनांक' आणि 'सिंहासन'मध्ये लिहिलं. जब्बार पटेलांच्या चित्रपटात निळू फुल्यांनी उभा केलेला पत्रकार दिगू टिपणीस आठवा. सगळं पाहिलेला, सगळं कळलेला, आणि छापता न आल्याने शेवटी भान हरपलेला. बातमीदार कादंबरी का लिहितो, याचं उत्तर त्या चेहऱ्यावर आहे.

तेव्हा मंडळी, तुम्ही बेंगळुरूला असा, इंदूरला असा की बडोद्याला, इंग्रजी वाचत असाल तर 'हॅरीज गेम' जरूर वाचा. तुमच्या घरातला कुणी तरुण सैन्यात अधिकारी व्हायला निघाला असेल तर त्यालाही द्या. वाचून झाल्यावर त्याला एकच विचारा : हॅरीला कुणी मारलं? 'गस्तीतल्या जवानांनी' असं उत्तर आलं, तर पुन्हा वाचायला सांगा.

भेटू पुढच्या भागात. जय हिंद.