बलून-उड्डाण आणि हवामान

उष्ण हवेच्या बलूनचे उड्डाण करावे की रद्द करावे, हे ठरवताना वारा, तापमान, दृश्यता, पाऊस आणि वादळाची शक्यता या पाच गोष्टी पाहतात. बलूनला इंजिन, पंख किंवा सुकाणू नसते. बर्नर पेटवून वर चढणे आणि माथ्याची झडप उघडून खाली येणे एवढेच वैमानिकाच्या हाती असते. आडवी दिशा आणि वेग वारा ठरवतो. २१ नोव्हेंबर १७८३ रोजी पॅरिसमध्ये माँगोल्फिए बंधूंच्या बलूनमधून माणसाने पहिले मुक्त उड्डाण केले, तेव्हा खाली गवत-पेंढा जाळावा लागे. १९६० मध्ये अमेरिकेत एड योस्ट यांनी प्रोपेन बर्नरचा आधुनिक बलून उडवला. आगीवर माणसाचा ताबा आला, वाऱ्यावर आलेला नाही. म्हणून बलूनची सुरक्षितता मुख्यतः जमिनीवर, उड्डाणापूर्वीच ठरते.

वारा : प्रवासी उड्डाणासाठी जमिनीलगतचा वारा साधारणपणे ८ ते १० नॉट, म्हणजे ताशी १५ ते १८ किमी.च्या आत असावा असे मानतात. याहून जोराचा वारा असला, तर हवा भरताना कापडी आवरण शिडासारखे फुगून ओढ घेते आणि उतरताना वेताची टोपली शेतातून फरफटत जाते. याखेरीज फसव्या उचलीचा धोका असतो. जमिनीला धरून ठेवलेल्या बलूनच्या माथ्यावरून वारा वाहू लागला की तिथला दाब कमी होतो आणि बलून पुरेसा हलका झाल्याचा भास होतो. त्याला सोडताच तो झपाट्याने उचलला जातो. पण काही क्षणांत वाऱ्याच्या वेगाने वाहू लागला की ही जादा उचल संपते आणि तो समोरच्या झाडांवर किंवा विजेच्या तारांवर उतरू लागतो.

वरचा वारा जमिनीवर उभे राहून कळत नाही. त्यासाठी वैमानिक हेलियमचा छोटा फुगा सोडून तो कोणत्या उंचीवर कुठे वळतो ते पाहतात. थरांमधील हा फरक कधी उपयोगीही पडतो. न्यू मेक्सिकोतील अल्बुकर्क येथे १९७२ पासून भरणाऱ्या बलून-महोत्सवात काही सकाळी खालचा वारा दक्षिणेकडे आणि वरचा उत्तरेकडे वाहतो. उंची बदलत बलून निघाल्या जागेजवळ परत येऊ शकतात.

वेळ : बहुतेक उड्डाणे सूर्योदयाच्या सुमारास होतात. रात्रभर निवलेल्या जमिनीलगत थंड, जड हवेचा शांत थर साचतो. ऊन चढले की जमीन असमान तापते, नांगरलेल्या रानावरून किंवा खडकावरून गरम हवेचे झोत उठतात आणि वरच्या थरातला जोराचा वारा खाली येतो. त्यामुळे सहा वाजता निवांत असलेले मैदान नऊ वाजता धोक्याचे होऊ शकते.

तापमान आणि भार : समुद्रसपाटीला १५° से. तापमानाची एक घनमीटर हवा सुमारे १.२२५ किग्रॅ., तर १००° से.ची ०.९४६ किग्रॅ. भरते. या फरकामुळे ३,००० घनमीटरचा बलून, स्वतःच्या वजनासकट, सुमारे ८४० किग्रॅ. भार उचलतो. बाहेरचे तापमान ३०° से. असेल, तर हा आकडा ६५५ किग्रॅ.पर्यंत उतरतो, म्हणजे किमान दोन प्रवासी कमी घ्यावे लागतात. आवरणाच्या कापडाला तापमर्यादा असल्याने आतली हवा हवी तितकी तापवूनही चालत नाही.

धुके, पाऊस आणि वादळ : धुक्यात तारा दिसत नाहीत. ३० जुलै २०१६ रोजी टेक्ससमधील लॉकहार्टजवळ विजेच्या तारांना धडकून बलूनमधील सर्व १६ जण मरण पावले. धुके आणि ढग असताना उड्डाण सुरू करण्याचा व चालू ठेवण्याचा वैमानिकाचा निर्णय चौकशीत दोषी ठरला. पावसाने आवरण भिजून जड होते. गडगडाटी वादळ कित्येक किलोमीटर दूर असले तरी त्यातून निघणारे झोत बलूनपर्यंत पोहोचतात. ऑगस्ट २०१२ मध्ये स्लोव्हेनियातील ल्युब्लियानाजवळ वादळात सापडलेला बलून कोसळून सहा जणांचा मृत्यू झाला.

निर्णयाची पद्धत : तुर्कस्तानातील कॅपाडोशियात पहाटेच्या हवामानावरून नागरी विमान वाहतूक यंत्रणा सर्वांसाठी एकच निर्णय देते : हिरवा म्हणजे उड्डाण, पिवळा म्हणजे थांबा, लाल म्हणजे रद्द. यामुळे एकट्या वैमानिकावर प्रवाशांचा किंवा धंद्याचा दबाव येत नाही. भारतात बलून-सहलींचा हंगाम मुख्यतः पावसाळ्यानंतर, थंडीच्या महिन्यांत असतो. उद्योगपती विजयपत सिंघानिया यांचे २१,०२७ मी. उंचीचे विक्रमी उड्डाणही २६ नोव्हेंबर २००५ रोजी मुंबईहून झाले.

पैसे भरलेले, रजा काढलेली आणि पहाटे चारला उठून मैदानावर आलेले प्रवासी पाहून नकार देणे वैमानिकाला जड जाते. ‘आज नाही’ असे तो म्हणाला, तर त्याच्याशी हुज्जत घालू नये. दुसऱ्या दिवसाची तारीख मागून घ्यावी.