रामनामाचे शब्दकुळ

विशेषनामाला निर्देश असतो, अर्थ नसतो, असे सामान्यतः मानले जाते. परंतु जे नाव शतकानुशतके समाजाच्या तोंडी राहते, त्यापासून शब्दांचे एक कुळच निर्माण होते. आणि त्या कुळातील भावंडे पुष्कळदा एकमेकांची ओळखही देत नाहीत. ‘राम’ हे त्याचे ठळक उदाहरण होय.

मराठीत एखाद्या गोष्टीत ‘राम उरला नाही’ म्हणजे तिचे सत्त्व गेले. माणसाने ‘राम म्हटला’ म्हणजे त्याचा प्राण गेला. ‘रामराम’ हे भेटीचे अभिवादन, पण नोकरीला ‘रामराम ठोकला’ की ती कायमची सुटते. ‘रामप्रहर’ ही पहाटेची प्रसन्न वेळ, तर ‘रामरगाडा’ हा संसाराचा न सरणारा व्याप. ‘रामबाण’ उपाय अचूक; मात्र लांबलेली हकीकत ‘रामायण’ ठरते. मुंबईच्या मध्यमवर्गीय घरांत तर अयोध्येच्या राजाचे नाव घरगड्याला चिकटले आणि ‘रामा’ हे सामान्यनाम झाले.

नागपूरकर भोसल्यांच्या राज्यविस्ताराबरोबर ही मराठी छत्तीसगडात पोहोचली. बिंबाजी भोसले यांनी १७५८ ते १७८७ या काळात रतनपुराहून कारभार केला. तेथील रामटेकडीवरील राममंदिर त्यांच्याच काळातले; विदर्भातील रामटेकाची आठवण त्या नावात सहज जागी होते. परंतु या भूमीत रामनामाचे नाते आधीपासूनच वेगळे होते. कौसल्या म्हणजे कोसलाची कन्या. हा प्रदेश प्राचीन दक्षिण कोसल. म्हणून लोकश्रद्धेने तिचे माहेर येथे मानले. रायपूरजवळच्या चंदखुरी येथे तिचे मंदिर आहे. साहजिकच राम येथे ‘भांचा’, म्हणजे भाचा झाला. छत्तीसगडी घरात मामा भाच्याच्या पाया पडतो. देवत्व आणि आप्तत्व तेथे एकाच शब्दात सामावते.

या कुळातील सर्वांत विलक्षण शब्द ‘रामनामी’ हा आहे. उत्तरेत तो रामनामाची अक्षरे छापलेल्या उपरण्याचा वाचक. छत्तीसगडात तो एका समाजाचे नाव आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस चारपारा गावच्या परशुराम यांच्या प्रेरणेने, अस्पृश्य मानलेल्या जातीतील लोकांमध्ये हा पंथ उभा राहिला. मंदिराची दारे बंद होती. या लोकांनी ‘राम’ ही अक्षरे अंगावर गोंदून घेतली. त्यांचा राम दशरथपुत्र नव्हे, तर निर्गुण तत्त्व. त्याला मूर्ती नको, पुरोहितही नको. आज तरुण पिढीत सर्वांगी गोंदण विरळ झाले आहे. तथापि वार्षिक भजनमेळ्यात नामाक्षरांची वस्त्रे आणि मोरपिसांचे मुकुट दिसतात.

‘रामा’ आणि ‘रामनामी’ हे दोन्ही शब्द समाजाच्या तळाशी असलेल्या माणसांशी जोडलेले. पहिल्यात मालकाने हाक मारण्याच्या सोयीसाठी दुसऱ्यावर नाव लादले आणि त्याचे स्वतःचे नाव पुसले. दुसऱ्यात नाकारलेल्या माणसाने तेच नाव वेदना सोसून आपलेसे केले. धातू आणि प्रत्यय शब्दाची व्युत्पत्ती सांगतात. परंतु नाव कोणी दिले आणि कोणी घेतले, हे पाहिल्याखेरीज त्याचा अर्थ पुरता उलगडत नाही.