यादीतून खोडलेली जमात



शाळेच्या पुस्तकात आपण 'रेड इंडियन' वाचले. डोक्याला पिसं, हातात धनुष्य, घोड्यावर स्वार. सिनेमात ते मरायलाच यायचे. कुठल्या जमातीचे, कुठल्या गावचे, कोण विचारतो! म्हणून आज एकाच जमातीबद्दल लिहितो. निसेनान. कॅलिफोर्नियात सिएरा नेवाडा डोंगराच्या पश्चिम उतारावर युबा, बेअर आणि अमेरिकन या नद्यांच्या खोऱ्यात त्यांचा मुलूख. ओकच्या झाडाची फळं कुटून, पाण्यानं त्यांचा कडूपणा काढून त्याची कांजी करायची, वेताकाड्यांच्या टोपल्या विणायच्या, मेलेल्याला अग्नी द्यायचा. घोडा-बिडा काही नाही.

24 जानेवारी 1848 ला कोलोमा इथल्या लाकूड कापायच्या गिरणीच्या पाटात जेम्स मार्शल नावाच्या गोऱ्याला सोनं सापडलं. कोलोमा हे नावसुद्धा निसेनान गावाचंच. नाव त्यांनी ठेवून घेतलं, माणसं तेवढी नको झाली. वर्ष-दोन वर्षांत जगभरातून सोन्याचे भुकेले तिथं उतरले. उस्तोमा नावाच्या निसेनान वस्तीच्या जागी आज नेवाडा सिटी हे शहर उभं आहे.

आता कायदा बघा. कॅलिफोर्निया अजून रीतसर राज्य झालं नव्हतं, तेव्हाच एप्रिल 1850 मध्ये तिथल्या विधिमंडळानं 'इंडियनांचं शासन आणि संरक्षण' असा कायदा केला. नाव संरक्षणाचं. आत काय? आदिवासी रिकामा फिरताना दिसला तर धरायचा आणि सर्वात जास्त बोली बोलणाऱ्याला चार महिन्यांपर्यंत राबायला द्यायचा. मुलं गोऱ्याच्या ताब्यात द्यायची. आणि आदिवासीच्या साक्षीवर गोऱ्याला शिक्षा होणार नाही. वेठबिगारी आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. तिथं ती छापील कलमांत होती, एवढंच. जानेवारी 1851 मध्ये गव्हर्नर पीटर बर्नेट विधिमंडळापुढं उघड बोलला, की ही जात नामशेष होईस्तोवर हे युद्ध चालणार. 1851-52 मध्ये तिथल्या जमातींशी अठरा करार झाले, जमिनी राखून ठेवायची वचनं दिली. सिनेटनं एकही मंजूर केला नाही आणि वर कागद गुप्त ठेवले, ते थेट 1905 पर्यंत. 1846 च्या सुमाराला कॅलिफोर्नियात दीड लाखाच्या आसपास आदिवासी होते असा अभ्यासकांचा अंदाज आहे. 1870 पर्यंत तीस हजार उरले.

एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. तोफेसारख्या नळांनी पाण्याचा मारा करून गोऱ्यांनी आख्खे डोंगर धुऊन काढले. नद्या गाळानं भरल्या, सोनं धरायला वापरलेला पारा पाण्यात गेला. हे 1884 मध्ये कोर्टानं थांबवलं. का? खालच्या अंगाच्या गोऱ्या शेतकऱ्यांची शेतं बुडत होती म्हणून! नदीकाठच्या मूळ माणसांसाठी कोर्ट बसलं नव्हतं.

1913 मध्ये राष्ट्राध्यक्ष विल्सनच्या आदेशानं निसेनानांना नेवाडा सिटीजवळ सुमारे 75 एकर मिळाली. 1958 मध्ये कायदा आला, की या छोट्या वस्त्या मोडा, जमीन वाटा-विका, म्हणजे हे लोक 'इतरांसारखे' होतील. 1964 मध्ये नेवाडा सिटीची वस्ती मोडली. जमीन गेलीच, पण सरकारच्या लेखी जमातही संपली. माणसं तिथंच, बापजाद्यांच्या राखेवर उभी, आणि यादीत नाव नाही! 1983 च्या एका खटल्यात सतरा वस्त्यांना मान्यता परत मिळाली. निसेनान त्यात नव्हते. पुढं ते स्वतः कोर्टात गेले तरी मिळाली नाही.

यादीत नाव नसलं की काय होतं, हे दाखल्यासाठी तहसीलला खेटे घातलेल्याला कळेल. दवाखाना, घरं, शिक्षण यांचा पैसा नाही. 1990 च्या एका कायद्यानं म्युझियममधली पूर्वजांची हाडं जमातींना परत मिळू लागली, पण हक्क मान्यताप्राप्त जमातींचा. त्याच वर्षीच्या दुसऱ्या कायद्यानं मान्यता नसलेल्यानं आपली वस्तू 'इंडियन कला' म्हणून विकणं गुन्हा ठरवलं. नकली मालवाल्यांना धरायला केलेला कायदा, म्हणजे हेतू वाईट म्हणता येणार नाही. पण बाईनं आजीसारखी टोपली विणली तर ती काय आहे हे टोपली नाही, सरकारी यादी सांगणार.

अशा जमातीनं आर्ट गॅलरी काढली. आज ते दीडशेच्या आसपास लोक आहेत. शेली कव्हर्ट या त्यांच्या प्रवक्त्या. 'कॅलिफोर्निया हेरिटेज : इंडिजिनस रिसर्च प्रोजेक्ट' ही संस्था त्यांनी चालवली आणि नेवाडा सिटीच्या ऐन बाजारात, ब्रॉड स्ट्रीटवर, 'उबा सेओ' नावाची गॅलरी थाटली. जागा बघा. ते शहर सोन्याच्या गर्दीच्या आठवणीवर पर्यटक खेचतं. खाणवाल्यांच्या त्या बाजारात मधोमध पाटी लागली, की आम्ही निसेनान, आम्ही इथंच आहोत.

भिंतीवर लावायला काय होतं? मृताच्या शोकविधीत टोपल्या नि चीजवस्तू जाळायची त्यांची रीत, म्हणून जुनं आधीच कमी. मग 'कलेतून दृश्यता' असा उपक्रम त्यांनी काढला. गावातल्या बिगर-आदिवासी चित्रकारांनाही बोलावलं, पण आधी जमातीचा इतिहास ऐका, मग हात चालवा. इथं मला थोडं खटकतं. पुन्हा त्यांचंच चित्र? पण विचार करता वाटतं, विषय कोण ठरवतो, शेवटचा शब्द कुणाचा, हे बघायला हवं. आपल्यावर सवर्णांनी लिहिलेल्या कथांत तो शब्द आपला नव्हता. इथं तो जमातीचा आहे.

दुसरी शंका मात्र जात नाही. बघे येतात, हळहळतात, आइस्क्रीम खाऊन घरी जातात. दिसणं म्हणजे मिळणं नव्हे. गॅलरीवाल्यांनाही हे कळत असावं. कारण त्याच संस्थेनं देणग्या गोळा करून 2024 मध्ये 232 एकर जमीन घेतली. क्वेकर पंथाच्या शाळेची ही जागा, त्याआधी युलिचा हे निसेनान गाव. स्वतःचंच गाव पैसे मोजून!

आणि सरकार? जून 2019 मध्ये गव्हर्नर गॅव्हिन न्यूसमनं राज्याच्या वतीनं आदिवासींची माफी मागितली, वंशसंहार हा शब्द वापरून. याच न्यूसमपुढं 2023 मध्ये जातिभेदाविरुद्धचं विधेयक गेलं होतं, आपल्याच माणसांनी तिथं उपोषणं करून लढवलेलं. ऑक्टोबरात त्यानं ते नामंजूर केलं. निसेनानांचं नाव अजून केंद्राच्या यादीत नाही.