कराचीला न पोचलेले जहाज

२०२५ साली कॅलिफोर्नियातल्या भाचीने एक फोटो पाठवला. खाली लिहिले होते, "मामा, ऑफिसला जाताना काय दिसलं बघा!" निळ्या आकाशात एक पांढरा, लांबट, दुधी भोपळ्यासारखा प्रकार तरंगत होता. मॉफेट फील्डवरून उडणारे 'पाथफाइंडर-१' नावाचे एअरशिप, लांबी १२४ मीटर. सिग्नलला थांबलेले लोक म्हणे काचा खाली करून वर बघत होते. त्याच आकाशातून रोज शेकडो विमाने जातात, त्यांच्याकडे कोणी मानसुद्धा वर करत नाही.

(एअरशिपला मराठीत काय म्हणावे हा प्रश्नच आहे. 'हवाई जहाज' म्हणावे तर हिंदीवाले विमान समजतील. तेव्हा एअरशिपच म्हणतो.)

एअरशिप म्हटले की लोकांना आठवते ते जर्मनीचे 'हिंडेनबर्ग', १९३७ साली अमेरिकेत उतरताना पेटलेले. मला मात्र आज दुसऱ्याच एका जहाजाबद्दल सांगायचे आहे. ते चक्क आपल्याकडे यायला निघाले होते. इतकी वर्षे इतिहास शिकवला, पण ही गोष्ट मला निवृत्तीनंतर समजली!

आधी थोडे विज्ञान. एक घनमीटर हायड्रोजन साधारण एक किलोहून थोडे जास्त वजन उचलतो. म्हणजे माणसे, इंजिने, इंधन, सामान सगळे उचलायचे तर जहाज अवाढव्यच हवे. जर्मनीच्या काउंट झेपेलिनने १९०० साली पहिले मोठे जहाज उडवले आणि १९२९ मध्ये 'ग्राफ झेपेलिन' २१ दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा करून आले. विमाने तेव्हा लहान होती, महासागर ओलांडून प्रवासी नेणे त्यांच्या आवाक्यात नव्हते. बोटीने विलायतेला जायला दोन-तीन आठवडे लागत.

इंग्रजांनी विचार केला, एवढे साम्राज्य पसरले आहे तर ते एअरशिपने का जोडू नये? १९२४ मध्ये योजना ठरली. दोन जहाजे बांधायची. 'आर-१००' खाजगी कंपनीने आणि 'आर-१०१' सरकारने, बेडफर्डजवळ कार्डिंग्टनला. 'आर-१०१' जाणार होते इजिप्तमध्ये इस्माइलियाला थांबून कराचीला. कराची तेव्हा मुंबई इलाख्यात होती, सिंध वेगळा झाला १९३६ साली. तिथे या जहाजासाठी एक प्रचंड हँगरही बांधून तयार होते. म्हणजे ही आपल्याच इलाख्याची गोष्ट झाली.

जहाजात जेवणाचा हॉल, दोन्ही बाजूंना खिडक्यांपाशी फेऱ्या मारायला जागा आणि कमाल म्हणजे हायड्रोजनच्या खाली सिगारेट ओढायची खोलीसुद्धा होती. गॅसच्या पिशव्यांना बैलांच्या आतड्यांच्या पातळ पडद्याचे अस्तर होते. भारताच्या उन्हाळ्यात पेट्रोलची वाफ धोक्याची म्हणून डिझेल इंजिने बसवली, ती भलतीच जड निघाली. ६० टन उपयोगी वजन उचलेल असा हिशेब होता, प्रत्यक्षात आकडा आला ३५.

मग सुरू झाली ओढाताण. पिशव्यांत जास्त गॅस मावावा म्हणून त्या सैल सोडल्या, तर त्या सांगाड्याला घासून त्यांना भोके पडू लागली. १९३० च्या उन्हाळ्यात जहाज मधोमध कापून एक जादा भाग आणि जादा पिशवी घातली. लांबी झाली २३७ मीटर.

इथे मॅकवेड नावाच्या एका माणसाला मी नमस्कार करतो. हे कार्डिंग्टनचे सरकारी तपासनीस. जुलै १९३० मध्ये त्यांनी वरिष्ठांना लेखी कळवले की पिशव्या घासत आहेत, या अवस्थेत मी उड्डाणाच्या परवान्याची शिफारस करू शकत नाही. त्यावर उत्तर आले की घासते तिथे पॅडिंग लावले की भागेल. झाले, कागद फाइलला लागला.

घाई कशाची होती? हवाई मंत्री लॉर्ड थॉमसन यांना या जहाजाने भारतात जाऊन, लंडनला ऑक्टोबरात भरलेली साम्राज्य परिषद चालू असतानाच परतायचे होते. हे थॉमसन १८७५ साली जन्मले कुठे, तर आपल्या नाशिकला! पुढे तेच व्हाइसरॉय होणार अशीही कुजबुज होती. त्या वेळी इकडे मिठाचा सत्याग्रह होऊन गांधीजी येरवड्याला तुरुंगात होते, हेही लक्षात ठेवा. जहाज नुसते प्रवाशांसाठी नव्हते, साम्राज्याचा रुबाब आकाशातून दाखवायचा होता.

लांबी वाढवल्यावर चाचणी झाली फक्त एक. त्यातही एका इंजिनाचा ऑइल कूलर बिघडला, म्हणून पूर्ण वेगाची चाचणी राहूनच गेली. तरी तात्पुरते प्रमाणपत्र मिळाले. ४ ऑक्टोबर १९३० च्या संध्याकाळी, हवा बिघडत असताना, ५४ माणसांना घेऊन जहाज निघाले. रात्री दोनच्या सुमारास फ्रान्समध्ये बोव्हे गावाजवळ ते टेकडीवर टेकले आणि पेटले. ४८ जण गेले. त्यात थॉमसनही होते.

चौकशीला कोण नेमले असेल? सर जॉन सायमन! ज्यांना आपल्या लोकांनी काळे झेंडे दाखवले तेच. पण अहवाल त्यांनी सरळ लिहिला. पुढच्या पिशव्यांतला गॅस गेला हे तांत्रिक कारण सांगून त्यांनी पुढे म्हटले, त्याचा आशय असा की, सार्वजनिक धोरणाचा रेटा नसता तर जहाज त्या संध्याकाळी निघालेच नसते.

हे वाचले आणि मला एक जुनी गोष्ट आठवली. मी नोकरीला होतो त्या एका शाळेत नवीन रंगमंचाचे उद्घाटन होते. मोठ्या पाहुण्यांची तारीख मिळाली होती, ती हातची घालवायची नव्हती. आदल्या संध्याकाळी मी मंचावर चढलो तेव्हा एक फळी हलत असल्याचे मला जाणवले होते. मुख्याध्यापक इतक्या गडबडीत होते की म्हटले, उगाच कशाला? दुसऱ्या दिवशी लेझीम चालू असताना ती फळी मोडली आणि सातवीतल्या एका मुलाचा हात मोडला. हात बरा झाला. मला कोणी काही विचारलेही नाही. पण मॅकवेड यांनी निदान लिहिले तरी होते, मी तेवढेही केले नव्हते.

असो. 'आर-१००' तोवर कॅनडाला सुखरूप जाऊन आले होते. तरी १९३१ मध्ये तेही मोडून भंगारात काढले, एकाच्या अपघातात दुसऱ्याचाही बळी! कराचीचे हँगर कित्येक वर्षे उभे राहिले, पण ज्या जहाजासाठी ते बांधले ते काही आले नाही. शेवटी तेही पाडले. कार्डिंग्टनच्या दोन शेड मात्र अजून आहेत.

एवढे होऊनही लोक माना वर करून का बघतात? मला वाटते, विमान आपल्याला फक्त पोचवते. खालची शेते, नद्या, अंगणातली माणसे दिसावीत अशा बेताने जाणारे वाहन एअरशिपच. जर्मनीत कॉन्स्टन्स सरोवरावर २००१ पासून लोक पैसे देऊन झेपेलिनमधून फिरतात, पोचायचे कुठेच नसते! आता आत हेलियम असतो, तो पेटत नाही.

गॅस बदलला हे चांगलेच झाले. तारखेची घाई मात्र तशीच आहे. भाचीला कळवले आहे, पुढेमागे त्यात प्रवासी घेऊ लागले तर जरूर बसून ये. पण हवा खराब असेल आणि कोणी साहेब "आजच निघायचं" म्हणाला, तर खुशाल खाली उतर.