पाथरीचे कुलकर्णीपण आणि अहमदनगरचे तख्त

राजघराण्याचा इतिहास सांगताना सामान्यतः तख्तापासून आरंभ करावयाचा आणि तख्त गेले की लेखणी खाली ठेवावयाची, अशी वहिवाट आहे. अहमदनगरच्या निजामशाहीचा इतिहास असा सांगू गेल्यास मात्र त्यातील एक गोष्ट उलगडत नाही. ज्या घराण्याच्या हाती दौलताबादसारखा बळकट दुर्ग होता, त्याने पाथरीसारख्या एका गावासाठी शेजारच्या राज्याशी दोनदा युद्ध मांडले. त्याचे कारण शोधावयाचे तर दरबार सोडून कुलकर्ण्याच्या दप्तराकडे वळावे लागते.

पाथरी हे आजच्या परभणी जिल्ह्यातील, गोदावरीच्या उत्तरेस असलेले तालुक्याचे गाव होय. या भागातील श्रोत्यांस ‘निजाम’ म्हटले की ज्यांची सत्ता १९४८ साली संपली ते हैदराबादचे आसफजाही निजाम आठवतात. येथे ज्यांची कथा आहे ते निराळे, आणि त्यांच्याहून सुमारे सव्वादोनशे वर्षांनी जुने.

या घराण्याच्या मूळ पुरुषाची हकीकत फेरिस्ता या इतिहासकाराने दिली आहे. फेरिस्ता स्वतः तरुणपणी अहमदनगरच्या दरबारी होता; पुढे तो विजापुरास गेला आणि सतराव्या शतकाच्या आरंभी त्याने आपला ग्रंथ सिद्ध केला. तो लिहितो की, बहामनी सुलतान अहमदशहाच्या फौजेने विजयनगरच्या मुलखात एक ब्राह्मण मुलगा पकडून आणिला. मुलाचे नाव तिमाप्पा, बापाचे भैरव. मुलास मुसलमान करून त्याचे नाव हसन ठेवण्यात आले. मुलगा हुशार, म्हणून राजपुत्राच्या सोबतीस दिला गेला व फारसी आणि अरबी शिकला. बापाच्या नावावरून त्यास ‘भैरू’ म्हणत. त्याचे दरबारी जिभेवर ‘बहिरी’ झाले. आपल्याकडे बहिरी ससाणा म्हणतात तोच हा शब्द, आणि पुढे शाही ससाण्यांची देखरेखही हसनकडे आल्यामुळे ते नाव त्यास दुहेरी शोभले. निजामशाही वंशास अखेरपर्यंत ‘बहिरी’ हे उपपद राहिले. बापाचे हिंदू नाव अशा रीतीने सुलतानांच्या बिरुदात वेष पालटून टिकले.

मलिक हसन चढत चढत तेलंगणाचा सुभेदार झाला व निजाम-उल्-मुल्क हा किताब पावला. थोर वजीर महमूद गवान याच्याविरुद्ध जे कारस्थान रचले गेले त्यात हसनचा हात होता. १४८१ साली गवानचा वध झाला आणि त्याची जागा हसनला मिळाली. पाच वर्षांनी, १४८६ मध्ये, बिदर येथे त्याचाही खूनच झाला. त्याचा मुलगा मलिक अहमद तेव्हा जुन्नरच्या बाजूस होता. त्याने बहामनी फौजेचा पराभव करून १४९० मध्ये स्वतंत्र राज्य उभारले, सीना नदीकाठी अहमदनगर वसविले आणि १४९९ मध्ये दौलताबाद घेतले.

इतके वैभव आल्यावर नातलग आले नाहीत तरच नवल! फेरिस्त्याच्या म्हणण्याप्रमाणे या घराण्याचे पूर्वज मूळचे पाथरीचे कुलकर्णी. काही कारणाने गाव सोडून ते विजयनगरच्या राज्यात गेले होते. आपल्यातील एकाचा वंशज सुलतान झाल्याचे कळताच ते ब्राह्मण भाऊबंद अहमदनगरास आले आणि पाथरीचे वडिलोपार्जित वतन मिळवून द्यावे, असा आग्रह त्यांनी धरिला.

या मागणीचे मर्म कळण्यास वतन म्हणजे काय हे ध्यानी घेतले पाहिजे. कुलकर्णी गावचा जमाखर्च आणि जमिनीची नोंद ठेवी, व त्याबद्दल त्यास ठरलेले हक्क मिळत. परंतु वतन ही केवळ चाकरी नव्हे. राज्ये बदलली तरी वतन चाले. वतनदार परागंदा झाला, दोन-तीन पिढ्या लोटल्या, तरी वंशजाने परत येऊन गोतसभेपुढे हक्क शाबीत केला तर महजर होऊन वतन त्याच्या पदरी पडे. सुलतानाची मर्जी फिरली की जहागीर जाई. वतनाला गावाची साक्ष असे. पाथरीकरांच्या मागणीत त्यामुळे त्या काळच्या लोकांस काहीच विचित्र वाटले नसावे.

अडचण एकच होती. पाथरी सरहद्दीवर, परंतु वऱ्हाडच्या इमादशाहीत होती. अहमदाचा मुलगा बुरहाण सातव्या वर्षी गादीवर आला असल्याने कारभार वजीर मुकम्मलखान पाही. पाथरीच्या बदल्यात अधिक उत्पन्नाचा दुसरा मुलूख देऊ, असा निरोप त्याने अल्लाउद्दीन इमादशहास पाठविला. इमादशहाने तो नाकारला आणि पाथरीस कोट बांधावयास घेतला. १५१८ मध्ये बुरहाणने वेरूळ व दौलताबाद पाहण्याच्या मिषाने फौज गोळा केली, एकाएकी पाथरीकडे मजल मारली आणि तटास शिड्या लावून गाव घेतले. १५२७ मध्ये इमादशहाने गोवळकोंड्याच्या साहाय्याने ते परत मिळविले. बुरहाणने पुन्हा वेढा घालून ते जिंकिले व या खेपेस कोटच जमीनदोस्त केला. पाथरी हाती आल्यावर ती आपल्या ब्राह्मण नातलगांच्या स्वाधीन केली, आणि अकबराचा अंमल येईपर्यंत ती त्यांच्या वंशात चालली, असे फेरिस्ता सांगतो.

येथे एक योगायोग नमूद करण्याजोगा आहे. इमादशाहीचा संस्थापक फतेउल्ला हाही विजयनगरच्या मुलखातून कैद होऊन आलेला व धर्मांतर केलेला हिंदूच होता. एकाच दैवातून गेलेल्या दोन घराण्यांचे वंशज पाथरीच्या तटाखाली एकमेकांशी लढत होते.

कोणी म्हणेल, भाऊबंदांचे वतन हे निमित्त. सुलतानास सरहद्दीवरचे ठाणे हवे होते. या शंकेत तथ्य आहे. पण ठाणेच हवे असते तर बांधलेला कोट पाडण्याचे प्रयोजन नव्हते. शिवाय आणखी एक बाब विचारात घ्यावी लागते. याच दरबारी सय्यद अली तबातबाने ‘बुऱ्हाने मआसिर’ हा इतिहास लिहिला. तो अहमदाचे रक्ताचे नाते थेट बहामनी राजवंशाशी जोडतो. दरबारास शोभणारी वंशावळ ती होती. परंतु घराण्याने ज्यासाठी फौजा पाठविल्या, ते नाते पाथरीच्या कुलकर्ण्यांचे. लेखणीने सांगितलेल्या नात्यापेक्षा खर्ची घातलेले नाते अधिक विश्वसनीय मानावे, हेच न्यायाचे होय.

बुरहाण पाथरीवर चालून गेला त्या साली रोम येथे पोपच्या गादीवर इटलीतील मेदिची घराण्यातला दहावा लिओ होता. मेदिची हे फ्लॉरेन्सच्या उत्तरेकडील मुजेल्लो खोऱ्यातले. १३९७ मध्ये पेढी काढून ते धनाढ्य झाले, पुढे फ्लॉरेन्सचे स्वामी झाले, पण मुजेल्लोतील काफाज्जोलोचा वाडा त्यांनी टाकिला नाही. मेदिची आपल्याच भाषेत, आपल्याच धर्मात मूळ गावी परतत. निजामशाही घराण्याची भाषा पालटली, धर्म पालटला, आणि तरीही गाव आठवला, हा त्यातील विशेष.

पुढे १५७४ मध्ये मूर्तझा निजामशहाने सबंध वऱ्हाडच जिंकला. १५९६ मध्ये बुरहाणची नात चांदबिबी हिला अहमदनगर वाचविण्यासाठी तोच वऱ्हाड मोगलांस द्यावा लागला. लगेच तंटा उभा राहिला तो पाथरीचाच! मोगलांनी ती वऱ्हाडात धरून ताब्यात घेतली. अहमदनगरकर म्हणू लागले की ती वऱ्हाडात मोडत नाही. पाथरी वऱ्हाडात होती म्हणून ज्यांच्या आजाने लढाई केली, तेच आता ती वऱ्हाडाबाहेर आहे म्हणून लढावयास निघाले. १५९७ मध्ये पाथरीच्या बाजूस गोदाकाठी विजापूरचा सोहेलखान आणि मोगलांचा खानखानान यांची घनघोर लढाई झाली. तीत दक्षिणी फौजा हरल्या. अकबराच्या वऱ्हाड सुभ्यात पाथरी हे एक सरकार झाले. १६०० मध्ये अहमदनगरचा किल्ला पडला. मलिक अंबर व शहाजीराजे यांच्या पराक्रमानेही जे टिकेना, ते राज्य १६३६ मध्ये कायमचे संपले.

निजामशाहीचे तख्त जेमतेम दीडशे वर्षे टिकले. गावचे दप्तर सांभाळणारा कुलकर्णी मात्र त्यानंतरही शतकानुशतके मराठवाड्याच्या गावोगावी राहिला. कैदेत नेलेल्या एका मुलाच्या वंशजांनी सत्ता हाती येताच दप्तराचा तो मान आपल्या भाऊबंदांस मिळवून दिला. सुलतान होऊनही कुळाची पत त्यांनी पाथरीतच मोजली, ही गोष्ट परभणीकरांनी ध्यानात ठेवण्याजोगी आहे.